भिवा मिस्त्री भिंतीला विचारतो

भिवा मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की मालकाशी बोलायच्या आधी भिंतीशी बोलायचा. चपला दाराशी, छत्री कोपऱ्यात, आणि मग उजव्या हाताचं मधलं बोट मुडपून भिंतीवर तीनदा टक, टक, टक. कान भिंतीला लावलेला, डोळे मिटलेले. घरात साखरपुडा असो की मयत, हा क्रम चुकायचा नाही. आमच्या कचेरीतल्या गोपाळ नाझराचे वडील वारले तेव्हाची गोष्ट. अंगणात बांबू बांधणं चाललेलं, आत बायका रडताहेत, आणि मिस्त्री ओटीवरच्या भिंतीला कान लावून उभा. नाझर हुंदका अर्ध्यावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. मिस्त्री जवळ आला, नाझराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बोलते."

नाझराने डोळे पुसले. "खरंच?"

"भरीव आहे. काळजी करू नको."

त्या एका शब्दाने नाझराला जो धीर आला तो भटजीला पुढच्या तेरा दिवसांतही देता आला नाही.

मिस्त्रीचे निकाल दोनच. भिंत भरीव असली की "बोलते", आणि नसली की "पोकळ". त्यावर अपील नाही. आयुष्यभर तो बांधकाम खात्यात कामावरचा मिस्त्री होता. मूळचा दाभोशाकडच्या एका पाड्यावरचा, कुडाच्या घरात वाढलेला. एकदा एका शाळेच्या नव्या पडवीला त्याने बोट लावलं आणि "पोकळ" म्हणाला. इंजिनियर हसला, ठेकेदार हसला, आणि मी तेव्हा पंचायत समितीत नवा कारकून होतो, म्हणून साहेब हसले तेवढा वेळ मीही हसलो. पावसाळ्यात पडवी बसली. रविवार होता म्हणून पोरं वाचली. तेव्हापासून जव्हार-मोखाड्यात मिस्त्रीचं बोट सरकारी शिक्क्यापेक्षा वजनदार झालं.

"भाऊसाहेब," तो मला सांगायचा, "मालक खोटं बोलतो, इंजिनेर खोटं बोलतो. भिंत कशाला खोटं बोलंल? ती कुणाचा पगार खाते?"

हा माणूस माझा शेजारी. शेजारी म्हणजे अगदी भिंतीला भिंत, नव्हे, एकच भिंत. जोडघरं होती आमची. दोन्ही त्यानेच बांधली. त्याचं निवृत्तीच्या पैशांत, माझं कर्जाच्या. मधली सामाईक भिंत त्याने दीड विटेची घातली. मी टेप घेऊन गेलो आणि सिद्ध केलं की नऊ इंचाची भिंत पुरली असती आणि माझी खोली अडीच इंचांनी मोठी झाली असती. मिस्त्रीने टेप बघितली, मला बघितलं.

"अडीच इंचात काय ठेवणार, भाऊसाहेब?"

मी टेप गुंडाळली. त्याचं उत्तर आजतागायत शोधतोय.

तर या भिंतीवर रोज सकाळी, आमचा पहिला डोळा उघडायच्या सुमारास, पलीकडून टक टक टक. मला वाटायचं म्हातारा माझ्या मोरीची ओल त्याच्या बाजूला येते का बघतोय. मी आतून ओरडायचो, "गळत नाही हो मिस्त्री!" कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की माझी बायको स्वयंपाकघरातून लाटण्याने तीनदा उलट वाजवते.

"हे काय?" मी विचारलं.

"उठलात का, म्हणून विचारतात ते. मी सांगते, उठलो."

"तोंडाने विचारायला काय होतं?"

"तुमच्या भिंतीतून तोंडाचं ऐकू येतं का?"

पुढे मिस्त्रीनेच एकदा चहा पिताना सांगितलं. त्याची बायको हे घर बांधायच्या आदल्या वर्षी गेली होती, मूलबाळ नव्हतं. "कुडाच्या घरात शेजारी खोकला तरी कळतं, बाय. ही विटांची घरं वाईट. आत माणूस मेला तरी भायेर नुसती भिंत." बायकोने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. मी आपलं म्हणालो, "मग बांधलीत कशाला दीड विटेची?" असे प्रश्न योग्य वेळी विचारायची मला देणगीच आहे.

आता माझ्या मोठ्या मूर्खपणाकडे येतो.

वावर-वांगणीला कोवळी पोरं उपासाने गेली, ते दिवस. पेपरांत गावांची नावं आली आणि जव्हारात जीपगाड्यांची रांग लागली. साहेब आले, डॉक्टर आले, पाहणीवाले आले, संस्थावाले आले. दिवसा ते खोऱ्यात उतरत आणि मुक्कामाला जव्हारात येत. खोल्यांचं भाडं असं चढलं की घरमालक आपलं अंथरूण माळ्यावर टाकायला लागले. त्यात कुणीतरी चहाच्या टपरीवर बातमी आणली की जव्हार जिल्हा होणार. मग तर ज्याच्या परसात चार कोंबड्या होत्या त्याने तिथे दोन खोल्यांचा पाया खणला.

आमची नोकरदारांची एक पतपेढी होती आणि तिच्या कर्ज समितीवर मी होतो. मी भाषणं केली. "खालच्या खोलीत राहा, वरच्या भाड्याने द्या, हप्ता भाडेकरूच फेडील!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. घर तारण, आणि वर एक जामीनदार. जामीन कोण, तर आपलीच माणसं. मी शांताराम मास्तरला जामीन, शांताराम नाझराला, नाझर मला. याला आम्ही मोठं शहाणपण समजत होतो. एकाच दोराने एकमेकांना बांधून घेतलेली तीन माणसं कड्यावर उभी राहून म्हणत होती, पडलो तर दोर आहे की.

घरांची किंमत ठरवायला पेढीने मिस्त्रीला नेमलं. तो भिंती वाजवून आकडा सांगायचा आणि मी तो आकडा कागदावर वाढवायचो. त्याने एकदा पाहिलं.

"मी सांगितलं त्याहून हे जास्ती आहे."

"भाव चढलाय, मिस्त्री. भिंतीला नाही कळत ते."

मिस्त्रीने छत्री उचलली. दारात थांबून म्हणाला, "पोरं मेली तवा घरांना भाव आला. असला भाव टिकत नसतो, भाऊसाहेब." आणि गेला.

मी कपाळाला आठ्या घातल्या आणि त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या घरावर वरची खोली चढवायला आणखी कर्ज घेतलं.

भाव टिकला नाही. जीपगाड्या आल्या तशा गेल्या. जिल्हा झाला नाही. दारादारावर "खोली भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लागल्या. दोन पावसाळ्यांनी त्यातलं "भाड्याने" पुसलं गेलं, नुसतं "देणे आहे" राहिलं. तेही खरंच होतं. घर विकून कर्ज फिटेना, आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक येईना. पेढीने लिलाव लावायला सुरुवात केली. शिपाई खळीने दारावर नोटीस चिकटवायचा, थाळी बडवायचा, आणि ठरल्या दिवशी चार माणसं अंगणात उभी राहायची. त्यांत एक हमखास वाडा तालुक्यातला विटांचा व्यापारी. पांढरे कपडे, तोंडात बडीशेप.

आणि एक हमखास भिवा मिस्त्री.

बोली सुरू व्हायच्या आत तो भिंतीपाशी जायचा. टक, टक, टक. सगळे थांबायचे. मिस्त्री डोळे उघडायचा, मान हलवायचा, आणि म्हणायचा, "पोकळ!"

संपलं. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत, विड्या विझवत पांगायची. लिलाव तहकूब. एक घर झालं, दुसरं झालं, चौथं झालं. गावात बोंब झाली की भिवा मिस्त्रीने जव्हारातल्या घरांचा भाव पाडला. पेढीने त्याला कामावरून काढलं. तरी हा येतच राहिला, बिनपगारी. अध्यक्ष त्याच्या अंगावर ओरडले, "अरे, तूच किंमत केली होतीस ना या घरांची? तेव्हा कशी बोलत होती भिंत?"

"तवा बोलत होती. आता दमली असंल."

मला राग यायचा, कारण माझा खिसा त्यात अडकला होता. शांताराम मास्तर एका पावसाळ्यात काविळीने गेला. आश्रमशाळेतल्या त्याच्या नोकरीच्या पैशांचे कागद कुठल्या टेबलावर अडकले ते त्या टेबलालाही माहीत नव्हतं. मागे राहिल्या सुमनवहिनी, दोन मुली आणि तीन रिकाम्या खोल्या. हप्ता थांबला आणि जामीनदार म्हणून माझ्या पगारातून कापायला सुरुवात झाली. माझा स्वतःचा हप्ता होताच. घरात भाजीऐवजी आमटी आणि आमटीऐवजी तिखटमिठाचं पाणी आलं. सुमनवहिनींच्या घराचा लिलाव दोनदा लागला आणि दोन्ही वेळा मिस्त्रीने "पोकळ" म्हणून उधळला. घर विकलं तर माझी मान सुटेल, एवढंच मला दिसत होतं. वहिनी कुठे जातील, हे दिसत नव्हतं असं नाही. मी तिकडे बघत नव्हतो.

तिसऱ्या लिलावाच्या आदल्या संध्याकाळी मी मिस्त्रीकडे गेलो. मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावर त्याची भाची राहते हे मला ठाऊक होतं.

"मिस्त्री, कचेरीत निरोप आलाय. तुमच्या भाचीच्या नव्या घराला तडा गेलाय म्हणे. मामाला पाठवा, म्हणाली."

मिस्त्री उभाच राहिला. "माझं नाव घेतलंन?"

"हो तर."

"सहा वर्सं झाली मला तिकडं जाऊन," तो म्हणाला, आणि लगेच पेटीतला धुतलेला सदरा काढला. मला थोडंसं कसंतरी झालं. फार नाही. पगाराची पावती आठवली की बरं वाटलं.

सकाळच्या पहिल्या जीपने तो गेला. लिलाव निर्विघ्न पार पडला. बोली एकच झाली, विटांच्या व्यापाऱ्याची. ती इतकी खाली होती की पेढीच्या साहेबांनी दोनदा विचारलं, "आणखी कुणी?" अंगणात मुलींनी वाळत घातलेल्या वरईवर एक कोंबडी आली, तिला हाकलायलाही कुणी हललं नाही. घर गेलं. त्या पैशांत अर्धंही कर्ज फिटलं नाही. उरलेलं जामीनदारांकडे, म्हणजे माझ्याकडे, तसंच राहिलं. म्हणजे घरही गेलं, आणि माझी मानही सुटली नाही. एवढं चोख नुकसान करायला अक्कल लागते.

दोन दिवसांनी सुमनवहिनी टेम्पोत सामान भरून विक्रमगडकडे भावाकडे गेल्या. निघताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "या वेळी मिस्त्रीकाका आले नाहीत." बायकोने माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोची दोरी तपासत होतो.

मिस्त्री लिलावाच्या संध्याकाळीच परत आला होता. थेट आमच्या दारात. हातात कापडाची पुरचुंडी.

"तडा नव्हता, भाऊसाहेब. कोणीतरी भलताच निरोप दिला."

"असं?" मी म्हणालो.

"पण भाची लय खूश झाली. रडली. नागलीची भाकरी केलीन, उडदाचं वरण केलीन. जाऊच देत नव्हती." त्याने पुरचुंडी पुढे केली. "हे उडीद. म्हणाली, ज्यानं निरोप पोचवला त्या माणसाला दे. त्याच्यामुळं मामा आला."

मी पुरचुंडी घेतली. न घेऊन काय सांगणार? तेवढ्यात शेजारचं कुणीतरी रस्त्यावरून ओरडत गेलं, "मिस्त्री, मास्तरचं घर गेलं हो!" मिस्त्रीने आधी रस्त्याकडे बघितलं, मग पुरचुंडीकडे, मग माझ्याकडे. छत्री घेऊन आपल्या दारात गेला आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायकोने आपणहून लाटण्याने वाजवून पाहिलं. पलीकडून काही नाही.

"काय केलंत तुम्ही?" ती म्हणाली.

मी सांगितलं. ते उडीद तिने डब्यात भरले आणि डबा फळीवर माझ्या डोळ्यांसमोर ठेवला. शिजवले मात्र नाहीत.

आठवड्याने व्यापाऱ्याची माणसं पहारी घेऊन शांतारामच्या घरावर आली. त्याला घर नकोच होतं. खाली उतरलेल्या भावात घरापेक्षा घराच्या विटा, चौकटी आणि पत्रे महाग होते. मी कचेरीला जाताना थांबलो. दोन जण मधल्या खोलीच्या भिंतीवर पहार घालत होते, तीच भिंत जिला मिस्त्रीने दोनदा पोकळ ठरवलं होतं. पहार उडून परत येत होती. तिसऱ्यांदा पहारीचं टोक वाकलं.

"कुणी बांधलीय ही?" गडी घाम पुसत म्हणाला. "नुसता दगड आहे दगड!"

मी कचेरीत पोचलो. दिवसभर फायली उघडल्या आणि मिटल्या. भिंत खोटं बोलत नाही म्हणून आयुष्यभर सांगणारा माणूस पाच अंगणांत, सगळ्या गावासमोर, धडधडीत खोटं बोलत होता. त्याच्या शब्दाची जी पत होती ती त्याने एकेका घरासाठी खर्च केली होती. आणि मी त्याला जीपमध्ये बसवून दिलं होतं.

आता माझी पाळी येणार हे सांगायला ज्योतिषी नको. दोन कर्जांचा भार एका पगारावर, हप्ते थकले, आणि एक दिवस शिपायाने माझ्याच दारावर खळ फासली. "भाऊसाहेब, माफ करा हां," म्हणाला. मीच त्याला नोकरीला लावला होता.

मिस्त्रीकडे जायचं माझं तोंड नव्हतं. त्यात नोटीस लागल्यापासून भिंतीपलीकडे नवा उद्योग सुरू झाला. ठोक, ठोक, ठोक. छिन्नी-हातोड्याचा आवाज, दिवसभर. खोल्या हादरायच्या. मी बायकोला म्हणालो, "बघ, सूड घेतोय. माझ्या घराला तडे पाडून जाणार."

"कोनाडा करत असतील."

"पंधरा दिवस? एवढा काय ठेवणार आहे कोनाड्यात? हत्ती?"

लिलावाच्या दिवशी अंगणात माणसं जमली. पेढीचे साहेब, नाझर खाली मान घालून, आणि पांढऱ्या कपड्यांतला विटांचा व्यापारी. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी कुठे उभं राहावं ते मला कळेना. आपल्याच घराच्या लिलावात मालकाने कुठे उभं राहायचं असतं, हे मी आमच्या समितीच्या नियमांत घालायला विसरलो होतो.

मिस्त्री आला. छत्री कोपऱ्यात ठेवली. सगळ्यांना मागे घेऊन थेट माझ्या घरात, मधल्या सामाईक भिंतीपाशी गेला, टक टक टक केलं, आणि म्हणाला, "पोकळ."

व्यापारी हसला. "म्हातारबा, मास्तरच्या घरालाही तू पोकळ म्हणाला होतास. माझ्या दोन पहारी वाकल्या. आता तुझं कोण ऐकतो?"

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. बाजूला झाला. "मग तू वाजव, शेठ."

व्यापारी पुढे झाला. अंगठीच्या बोटाने वाजवलं. आणि भिंत वाजली ढब, ढब, ढब. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तशी. मी स्वतः दचकलो. हीच ती दीड विटेची भिंत. व्यापाऱ्याने आणखी चार ठिकाणी वाजवलं. सगळीकडे ढब. त्याने बडीशेप थुंकली.

"असल्या भिंतीची वीट हातात भुगा होऊन येते. चला."

तो गेला तसे बाकीचे गेले. साहेबांनी "तहकूब" लिहिलं. पुढे तो लिलाव पुन्हा लागायच्या आत पेढीच बुडाली, तिच्यावर सरकारी माणूस बसला, आणि मी निवृत्त होईपर्यंत थोडं थोडं फेडत राहिलो. पण ते पुढचं.

त्या दिवशी अंगण रिकामं झाल्यावर मी मिस्त्रीच्या घरात गेलो. कितीतरी दिवसांनी. आत पाऊल टाकलं आणि थांबलो. सामाईक भिंत त्याच्या बाजूने सोलून काढली होती. कोपरे आणि वरचे थर तेवढे शाबूत, बाकी माझ्याकडची एक पातळ वीट सोडून सगळं काढलेलं. काढलेल्या विटा त्याने साफ करून भिंतीकडेला रचून ठेवल्या होत्या, ओळीने, जशा पहिल्या दिवशी बांधायला आणल्या होत्या. खाट दुसऱ्या टोकाला ओढली होती. अंथरुणावर चुन्याची भुकटी. मिस्त्रीच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली.

"मिस्त्री, हे..." मी सोललेल्या भिंतीवर बोट ठेवलं. "तुमचंही घर आहे हे. ही भिंत तुमचीपण आहे."

"मग? माझ्या बाजूची काढली. तुमच्या बाजूची नाय काढली."

"मोखाड्याचा तो निरोप..." मी म्हणालो.

"ठावं आहे मला." तो खाटेवर बसला. "भाची पुन्यांदा बोलावतेय. जायचं आहे."

मी रचलेल्या विटा मनातल्या मनात मोजल्या. मग मी माझा स्वभाव धरून म्हणालो, "उद्या माणूस लावून विटा परत बसवून घेऊ. पैसे मी देतो." कुठून देणार होतो कुणास ठाऊक.

मिस्त्रीने मान हलवली. पातळ भिंतीकडे बघत राहिला. पलीकडे माझी बायको भांडी लावत होती, एकेक भांडं ओळखू येत होतं.

"राहू दे अशीच," तो म्हणाला. "आता खोकलो तरी कळंल तुम्हाला."

बायकोने त्या रात्रीच्या जेवणाला ते उडीद शिजवले. मिस्त्रीला ताट नेऊन दिलं. तो कसा भुरके मारतो ते आम्हाला आमच्या पाटावरून ऐकू आलं.

सकाळी मी अंथरुणात होतो. पलीकडून कुणी भिंत वाजवली नाही. नुसता खोकला आला, एकदा, मग दुसऱ्यांदा. बायकोने लाटण्याकडे हात नेला आणि थांबवला. मग चुलीपाशी बसूनच, साध्या आवाजात म्हणाली, "उठलात का, मिस्त्री?"

"उठलो, बाय."

"चहा टाकते."

मी कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

"भाऊसाहेबांना पण उठव," भिंत म्हणाली. "रातभर घोरत होते."